रांग गायब झाली, पण गेली कुठे? थीम पार्कच्या पासमागचं गणित

मे महिन्याच्या सुट्टीत ताई, भावोजी आणि भाच्याला घेऊन एका अम्युझमेंट पार्कला गेलो होतो. भाचा ओम, वय अकरा. मागच्या वर्षी तिथल्या मोठ्या रोलर कोस्टरच्या गेटवर उंचीच्या पट्टीखाली तो दोन बोटं कमी पडला होता आणि गेटवरच्या काकांनी त्याला परत पाठवलं होतं. त्यानंतर वर्षभर घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या खुणा चालू होत्या. या वर्षी गडी पट्टीच्या वर निघाला. त्यामुळे बाकी सगळं सोडून आम्ही आधी त्याच रांगेत उभे राहिलो.

अर्धा तास रांग बरी सरकली. मग जवळपास थांबलीच. आमच्या रेलिंगच्या पलीकडे दुसरी रांग होती, आणि तिच्यातले लोक चालत येत होते आणि थेट आत जात होते. सगळ्यांच्या मनगटावर वेगळ्या रंगाचा बँड.

"मामा, आपली लाईन का हलत नाहीये?"

"त्यांनी जास्त पैसे देऊन पास घेतलाय."

"पण आपण आधी आलोय ना?"

याला उत्तर नव्हतं. मी इंजिनिअर माणूस, उत्तर नसलं की मोजायला लागतो. आम्ही दोघांनी दहा ट्रेन मोजल्या. प्रत्येक ट्रेनमध्ये २० जण, साधारण दोन मिनिटांना एक ट्रेन. त्या २० पैकी १६ पलीकडच्या रांगेतले आणि ४ आमच्यातले. कधी पाच, कधी तीन, पण सरासरी तीच. म्हणजे राईड तासाला ६०० माणसं फिरवत होती आणि त्यातली आमच्या वाट्याला फक्त १२०. आमच्या पुढे दीडशेच्या आसपास लोक होते. एकच रांग असती तर पंधरा मिनिटांचं काम. आता सव्वा तास.

अडीच वाजता वळवाचा पाऊस आला, विजा चमकायला लागल्या आणि राईड बंद झाली. ते बरोबरच होतं, त्यात कोणाचा दोष नाही. बँडवाल्यांना सांगितलं, तुमचा पास नंतर चालेल. आमच्या रांगेला सांगितलं, बाहेर जा. साडेचारला राईड पुन्हा सुरू झाली तेव्हा बँडवाले सगळे एकदम परत आले, आणि आमची बस सहाची होती. ओम त्या दिवशी कोस्टरमध्ये बसला नाही.

परतीच्या वाटेवर तो काही बोलला नाही. मी मात्र बसमध्येच या सिस्टिमबद्दल वाचायला सुरुवात केली. मी स्वतः अपॉइंटमेंट बुकिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, त्यामुळे यातला बराचसा भाग ओळखीचा निघाला. काही गोष्टी मात्र मला चक्रावून गेल्या, त्या आज तुम्हाला सांगतो.

सीट वाढत नाहीत

सगळ्यात आधी एक कंटाळवाणी पण महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक राईडची तासाची क्षमता ठरलेली असते. एका ट्रेनमध्ये किती सीट आणि तासात किती ट्रेन सुटतात, यांचा गुणाकार. लोकांना सीट बेल्ट लावायला वेळ लागला की ट्रेन उशिरा सुटते आणि क्षमता घटते. कर्मचारी घाई करतात ते यासाठी.

आता समजा एका पार्कमधल्या सगळ्या राईड मिळून तासाला ८,००० माणसं फिरवू शकतात, पार्क दहा तास उघडं आहे आणि आत १०,००० लोक आहेत. दिवसभरात एकूण ८०,००० सीट. माणशी आठ राईड. तुम्ही कितीही भारी ॲप बनवा, कितीही एआय लावा, माणशी नऊ राईड होणार नाहीत. कोणाच्या दहा झाल्या तर दुसऱ्या कोणाच्या तरी सहा होणार.

पण थांबा, यात एक पळवाट आहे, आणि रिझर्वेशन सिस्टिमचा खरा फायदा तिथेच आहे. सगळ्या सीट भरलेल्या असतात असं नाही. सकाळी नऊला कोस्टर रिकामा धावतो. कोपऱ्यातल्या शोमध्ये अर्ध्या खुर्च्या मोकळ्या असतात. दुपारी मात्र सगळे एकाच राईडवर तुटून पडतात. लोकांना रिकाम्या सीटकडे वळवता आलं तर तेवढा फायदा सगळ्यांना मिळतो. त्यापलीकडे जे उरतं ते फक्त वाटप आहे. आधी कोण आणि नंतर कोण.

१९९९ ची ती चिठ्ठी

हा प्रकार मोठ्या प्रमाणावर सुरू केला डिस्नेने, १९९९ मध्ये, फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये. नाव फास्टपास. तेव्हा स्मार्टफोन नव्हते. राईडच्या बाहेर मशीन असायची. तुमचं पार्कचं तिकीट तिच्यात घालायचं, एक कागदाची चिठ्ठी बाहेर यायची, तिच्यावर तासाभराची वेळ छापलेली, समजा २:१० ते ३:१०. त्या वेळेत आलात की छोट्या रांगेतून आत. पैसे शून्य. पार्कचं तिकीट असलेला कोणीही घेऊ शकायचा, फक्त एक चिठ्ठी घेतली की काही काळ दुसरी मिळत नसे.

कल्पना किती साधी आहे बघा. तुमच्याऐवजी चिठ्ठी रांगेत उभी राहते आणि तुम्ही मोकळे फिरता. पार्कचाही फायदा, कारण रांगेत अडकलेला माणूस वडापाव विकत घेत नाही की टोपी विकत घेत नाही. (तिथे वडापाव नसतो, पण मुद्दा कळला.)

आपल्यालाही हे अगदीच नवीन नाही. तिरुपतीला ३०० रुपयांच्या विशेष प्रवेश दर्शनाचा ऑनलाइन स्लॉट घरातल्या कोणीतरी कधी ना कधी काढलेला असतोच. वेळ ठरवून घ्यायची, तेव्हा जायचं, बाकीची गर्दी दुसऱ्या रांगेत.

जिथे दोन रांगा एक होतात

आता ओमच्या प्रश्नाकडे येऊ.

पासची रांग आणि साधी रांग शेवटी एका ठिकाणी मिळतात. तिथे एक कर्मचारी उभा असतो आणि ठरवतो की या रांगेतून किती सोडायचे आणि त्या रांगेतून किती. सगळी मेख या एका माणसाच्या हातात आहे. पासवाल्याला तुम्ही वेळ दिलेली आहे, त्यामुळे त्याला थांबवता येत नाही. म्हणून मोठा वाटा त्यांना जातो. डिस्नेच्या बाबतीत साधारण ऐंशी-वीस हा आकडा नेहमी सांगितला जातो, आणि गंमत म्हणजे आम्ही मोजलं ते पार्क वेगळं असूनही आमचा आकडा तोच आला.

आता हे गणित नीट बघा. एक राईड तासाला १,२०० माणसं घेते. साध्या रांगेत ४०० जण उभे आहेत. पास नसते तर शेवटच्या माणसाचा नंबर २० मिनिटांत आला असता. पासवाल्यांना ८० टक्के दिले की साध्या रांगेसाठी तासाला २४० जागा उरतात. तेच ४०० लोक, तीच लांबी, पण वेळ १०० मिनिटं.

म्हणजे रांग दिसायला छोटी असते आणि वेळ पाचपट लागतो. आपण रांगेची लांबी बघून अंदाज बांधतो, "चला, फार नाहीये," म्हणून उभे राहतो आणि फसतो. आमचं तेच झालं होतं.

बरोबरीने हेही सांगायला हवं, की पास नसते तर ते पासवालेही त्याच रांगेत उभे राहिले असते आणि रांग लांब दिसली असती. मग त्यातल्या काही जणांनी लांबी बघून नादच सोडला असता. आणि इथूनच मला न सुचलेला भाग सुरू होतो.

एक माणूस, दोन रांगा

जुन्या पद्धतीत रांगेत उभं राहणं हीच राईडची किंमत होती. एका वेळी तुम्ही एकाच रांगेत असू शकता, कारण शरीर एकच आहे. त्यामुळे मागणीवर आपोआप लगाम राहायचा.

पास आला की तुमचा फोन एका रांगेत आणि तुम्ही दुसऱ्या रांगेत. दहा हजार माणसं, पण रांगा भरतात त्याहून जास्त माणसांनी. जी छोटी राईड पूर्वी पाच मिनिटांत मिळायची, तिथेही आता लोक "तोपर्यंत हे करून घेऊ" म्हणून उभे असतात. आणि जे कुठल्याच रांगेत नाहीत ते रस्त्यावर, दुकानात, खाण्याच्या स्टॉलसमोर दिसतात. रांग गायब झाली असं वाटतं तेव्हा ती पार्कभर पसरलेली असते.

डिफंक्टलँड नावाच्या यूट्यूब चॅनेलवर २०२१ मध्ये फास्टपासवर दीड तासाहून मोठी डॉक्युमेंटरी आली. त्यांनी शेपलँड नावाचं एक काल्पनिक पार्क कॉम्प्युटरमध्ये तयार केलं आणि त्यात आधी पास नसताना आणि मग पास असताना काय होतं ते चालवून बघितलं. विषय आवडला असेल तर नक्की बघा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट शोधणाऱ्यांनी तर बघाच. राईड, माणसं, नियम, सगळं थोड्याशा पायथॉनमध्ये बसतं आणि लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिमपेक्षा खूप मजेशीर आहे.

फुकट ते ४४९ डॉलर

पुढचा इतिहास भराभर सांगतो. २०१३-१४ मध्ये फ्लोरिडात कागदाची चिठ्ठी गेली आणि फास्टपास प्लस आलं. मनगटावर आरएफआयडी चिपचा बँड, बुकिंग ॲपवर. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना ६० दिवस आधी आणि बाकीच्यांना ३० दिवस आधी तीन राईड बुक करता यायच्या. अजूनही फुकट. पण आता फायदा कोणाला? ज्याला हा नियम माहीत आहे, ज्याने दोन महिने आधी गजर लावलाय, जो महागड्या हॉटेलात उतरलाय त्याला. सकाळी सहज तिकीट काढून आलेल्या कुटुंबाला चांगल्या राईड संपलेल्याच दिसायच्या.

२०२० मध्ये कोविडमुळे पार्क बंद झाली. परत उघडली तेव्हा फास्टपास आलंच नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये जिनी प्लस आलं. फ्लोरिडात माणशी दिवसाला १५ डॉलर, कॅलिफोर्नियात २०. सगळ्यात लोकप्रिय राईडसाठी आणखी वेगळे पैसे. नंतर भाव गर्दीप्रमाणे बदलायला लागले, आपल्या कॅबच्या सर्जसारखे. जुलै २०२४ मध्ये नाव बदलून लाइटनिंग लेन मल्टी पास झालं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रीमियर पास आला. यात वेळही ठरवायची नाही, कधीही या, प्रत्येक राईडला एकदा थेट आत. किंमत फ्लोरिडात सुरुवातीला पार्क आणि दिवसानुसार १२९ पासून ४४९ डॉलरपर्यंत, माणशी, एका दिवसाची. पार्कचं तिकीट वेगळं.

टोकियोच्या डिस्नेने थोडा वेगळा मार्ग घेतला. तिथे पैसे देऊन घ्यायचा पास २०२२ मध्ये आला, पण २०२३ मध्ये त्याच्या जोडीला काही राईडसाठी फुकट पासही सुरू केला. दोन्ही ॲपवरच.

अमेरिकेतल्या सिक्स फ्लॅग्जचा फ्लॅश पास तर आणखी स्पष्ट बोलायचा. साध्या पातळीवर तुम्ही रांगेत उभे राहिला असता तेवढाच वेळ थांबायचं, फक्त रांगेबाहेर. जास्त पैसे द्या, वेळ निम्म्यापर्यंत खाली. त्याहून जास्त द्या, ९० टक्क्यांपर्यंत कमी. मला हे निदान प्रामाणिक वाटतं. काय विकतोय ते सरळ सांगितलं होतं.

माझं मत विचाराल तर पैसे घेण्यापेक्षाही मला खटकतं ते दुसरंच. साध्या रांगेतल्या माणसाला कोणी सांगत नाही की तुझ्या वाट्याला पाचातली एकच सीट आहे. ते बोर्डावर लिहा, मग ज्याला उभं राहायचंय तो राहील.

रांगच नको: व्हर्च्युअल क्यू

काही ठिकाणी पार्कांनी साधी रांगच काढून टाकली. फ्लोरिडात डिसेंबर २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्नियात जानेवारी २०२० मध्ये स्टार वॉर्सची 'राईज ऑफ द रेझिस्टन्स' ही राईड सुरू झाली. तिथे ॲपवर बोर्डिंग ग्रुपचा नंबर घ्यायचा आणि नंबर आला की जायचं. न्याय्य वाटतं ना? सगळ्यांना एकच रांग. पण दिवसाचे सगळे ग्रुप काही सेकंदांत संपायला लागले. नंतर सकाळी ७ वाजता एकदा आणि दुपारी पुन्हा, असे दोनदा नंबर सुटायचे. हजारो लोक हॉटेलच्या बेडवर बसून, फोन हातात धरून, ७ वाजायची वाट बघत.

तत्काळ काढलेल्यांना हे सांगायला नको. एसीला सकाळी १० आणि नॉन-एसीला ११. किंवा २०२१ च्या मे महिन्यातलं कोविन आठवा, स्लॉट हिरवा दिसायचा आणि बोट टेकेपर्यंत लाल. रांगेत उभं राहायला वेळ लागतो, पण तो सगळ्यांकडे असतो. सेकंदाची शर्यत जिंकायला चांगला फोन, चांगलं नेटवर्क आणि सवयीचं बोट लागतं. ताईचे सासरे अजून ओटीपी मोठ्याने वाचून दाखवतात. ते या रांगेत कधीच नसतात, कारण ही रांग त्यांना दिसतच नाही.

याच कल्पनेचं आणखी एक रूप म्हणजे ऑर्लँडोतलं युनिव्हर्सलचं व्होल्केनो बे वॉटर पार्क, २०१७ मध्ये उघडलेलं. तिथे प्रत्येकाला टापूटापू नावाचा मनगटी बँड मिळतो. घसरगुंडीजवळच्या खांबाला तो टेकवायचा, परत यायची वेळ दिसते, वेळ झाली की बँड कळवतो. यात मला आवडलेला नियम म्हणजे एका वेळी एकाच राईडच्या व्हर्च्युअल रांगेत राहता येतं. एक शरीर, एक रांग, हा जुना लगाम त्यांनी सॉफ्टवेअरमधून परत आणला.

सर्व्हरच्या बाजूने

आता माझ्या कामाचा भाग. बुकिंग उघडलं की आत काय होतं?

प्रत्येक राईडचा दिवस छोट्या छोट्या खिडक्यांमध्ये कापलेला असतो, आणि प्रत्येक खिडकीत एक आकडा असतो, शिल्लक किती. तुम्ही बटण दाबलं की आकडा एकने कमी होतो आणि तुम्हाला पास मिळतो. ऐकायला सोपं आहे. मीही तसंच समजत होतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका क्लायंटचे स्लॉट रोज सकाळी १० ला उघडायचे, एका खिडकीला ४०. एका सोमवारी ४० च्या जागी ४३ लोकांना कन्फर्मेशन गेलं. कोड मी लिहिलेला होता. त्यात आधी शिल्लक वाचायची, ती शून्यापेक्षा जास्त असेल तर पास द्यायचा, आणि मग एक कमी करून लिहायची, अशा तीन पायऱ्या होत्या. एरवी चालायचं. पण बरोबर १० वाजता चार जणांच्या रिक्वेस्ट एकाच क्षणी आल्या, चौघांनीही "शिल्लक १" वाचलं आणि चौघांनाही पास गेला. डब्यात एकच लाडू आहे हे चार भावंडांनी एकाच वेळी बघितलं, तसं. याला रेस कंडिशन म्हणतात. उपाय म्हणजे बघणं आणि उचलणं ही एकच कृती करायची, मध्ये कोणाला शिरू द्यायचं नाही. डेटाबेसमध्ये ते एका ओळीत होतं. त्या दिवशी जास्तीच्या तिघांपैकी एक बाई दोन तास प्रवास करून आल्या होत्या, आणि त्यांना फोनवर सॉरी म्हणायचं काम मॅनेजरने मलाच दिलं. ती ओळ मी आता विसरणार नाही.

दुसरी भानगड म्हणजे "लोडिंग" वर अडकलेला फोन. तुमची रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोचली, पास निघालाही, पण उत्तर परत येताना नेटवर्क गेलं. तुम्ही वैतागून पुन्हा दाबता. सिस्टिम नीट बनवलेली नसेल तर दोन पास निघतात, एक वाया. म्हणून प्रत्येक प्रयत्नाला एक खुणेचा क्रमांक देतात. तोच क्रमांक पुन्हा आला तर नवा पास न देता जुनाच दाखवायचा.

बरोबर ७ ला येणारा लोंढा आवरायला एक चांगला मार्ग म्हणजे शर्यतच रद्द करणं. ७ च्या आधी येऊन थांबलेल्या सगळ्यांना ७ वाजता चिठ्ठ्या टाकल्यासारखा कुठलाही क्रम द्यायचा. कॉन्सर्टच्या तिकिटांसाठी अशी वेटिंग रूम तुम्ही पाहिली असेल. लोक चिडतात, "मी साडेसहापासून बसलोय!" पण यात कमजोर फोनवाल्याला बरोबरीची संधी असते. मला तरी बोटांच्या शर्यतीपेक्षा हे पटतं.

आणि राईड बंद पडली तर? डिस्नेमध्ये अशा वेळी तुमचा पास "नंतर कधीही" या प्रकारात बदलतो. पासवाल्याच्या दृष्टीने उत्तम. पण राईड सुरू होते तेव्हा दोन तासांचे सगळे पासवाले एकदम दारात येतात, आणि ऐंशी-वीसचं प्रमाण काही काळ नव्वद-दहा होऊ शकतं. साडेचार वाजता आम्ही जे पाहिलं ते हेच असणार.

रांगेत उभं राहून स्वतः मोजा

१९६१ मध्ये जॉन लिटल या प्राध्यापकांनी एक नियम गणिताने सिद्ध केला, लिटल्स लॉ म्हणून तो शिकवतात. रांगेतली माणसं म्हणजे दर मिनिटाला पुढे जाणारी माणसं गुणिले थांबायची मिनिटं. उलटं वापरा. पुढे किती लोक आहेत ते मोजा, मिनिटाला किती जण आत जातात ते मोजा, भागाकार करा. ३०० लोक आणि मिनिटाला १०, तर अर्धा तास. फक्त मोजायचे ते तुमच्या रांगेतून आत जाणारे, पासवाले नाही. राईड भरभर चाललीय म्हणून खूश होऊ नका.

प्रवेशाजवळ "४५ मिनिटं" लिहिलेलं असतं त्यावर पूर्ण विश्वास ठेवू नका. डिस्नेमध्ये पूर्वी रांगेत शिरणाऱ्या एखाद्याच्या गळ्यात लाल कार्ड अडकवायचे आणि तो दुसऱ्या टोकाला पोचला की किती वेळ लागला ते कळायचं. म्हणजे बोर्डावरचा आकडा हा आधी शिरलेल्या माणसाचा अनुभव, तुमचा नाही.

सिंगल रायडर नावाची रांग असेल तर ती जरूर बघा. चार सीटच्या ओळीत तिघांचं कुटुंब बसलं की एक सीट रिकामी जाते, तिथे एकट्या माणसाला बसवतात. ही खरोखरच फुकट वाया जाणारी सीट असते, कोणाचीही हिसकावलेली नाही. सगळ्या युक्त्यांमध्ये मला ही सगळ्यात जास्त आवडते. अट एकच, शेजारी मित्र नसणार.

पास घ्यायचा का, हे सकाळी गेटवर भावनेच्या भरात ठरवू नका. पार्क उघडताच पहिल्या तासात सगळ्यात मोठी राईड करा. तेव्हा पासवाले फार आलेले नसतात आणि सगळ्या सीट साध्या रांगेच्याच असतात. आम्ही दहाला पोचून आधी नाश्ता केला होता, ही चूक मान्य. मग दहा-बारा ट्रेन मोजा. आणि एक साधं गणित करा, पासमुळे माणशी किती मिनिटं वाचतील आणि त्याचे किती रुपये पडतायत. मंगळवारी वाचणारी मिनिटं इतकी कमी असतात की पास घेणं म्हणजे पैसे फेकणं, आणि मे महिन्यातल्या रविवारी कदाचित ती तिकिटाइतकीच गरजेची गोष्ट असते. सगळ्यांचे पास एकाच फोनवर असतील तर पॉवर बँक न्या आणि क्यूआर कोडचे स्क्रीनशॉट घरच्यांना आधी पाठवून ठेवा. अर्थात ॲपमध्ये दर मिनिटाला बदलणारा कोड असेल तर स्क्रीनशॉट चालणार नाही, ते आधी तपासा. फोनची वेळ ऑटोमॅटिकवर ठेवा. बुकिंग सर्व्हरच्या घड्याळाने उघडतं, तुमच्या नाही. आणि संपलं म्हणून लगेच ॲप बंद करू नका. लोक स्लॉट बदलतात, सोडतात, आणि सुटलेला स्लॉट परत त्याच आकड्यात जमा होतो. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा बघायला काही लागत नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर, शाळा सुरू झाल्यावरच्या एका मंगळवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत. ओमने शाळेत पोटदुखीचं कारण आत्ताच ठरवून ठेवलंय, ताईला अजून माहीत नाही (ताई, हे वाचत असशील तर मी तुला काही सांगितलेलं नाही). नाश्ता गाडीतच करायचा असं ठरलंय. पास घ्यायचा नाही. ट्रेन मोजायला त्याने वहीत रकाने आखलेत, एक आपला, एक त्यांचा.